डाव्या पेटीला करवत लावली

रेखाचे बाबा,

आज सकाळी तुमच्या डाव्या पेटीला मी करवत लावली. तुमचा फोटो बैठकीतच आहे, म्हणजे तुम्ही पाहिलंच असेल. तरी कारण माझ्या हातानं लिहून कळवावं म्हणून बसले. माफीचं पत्र समजू नका.

तुमचे धाकटे भाऊ चार दिवसांपूर्वी आले होते. म्हणाले, वर्षश्राद्धाला दादाच्या दोन्ही स्पीकरपेट्यांना हार घालू, धूप दाखवू आणि मग कापड टाकून जशाच्या तशा ठेवून देऊ. मी म्हटलं, कापड नाही टाकायचं, वरचा भोंगा काढायचा आहे. ते उठूनच उभे राहिले.

"वहिनी, दादाचा हात लागला हाय त्याले. तुमी काहून कापून राहिल्या?"

"त्यातल्या साऱ्या कॉइली म्या गुंडाळल्या हायेत, भाऊजी. एकेक येढा मोजून. अर्धी पेटी माही हाय."

तुम्ही असते तर हसले असते. की रागावले असते?

झाडीपट्टीच्या नाटकांना आवाज पुरवण्यात तुमची उमर गेली. मंडपातल्या शेवटच्या ओळीतल्या माणसाला नायिकेचा हुंदका ऐकू गेला पाहिजे, हे तुमचं व्रत. त्यासाठी तो लांब नळीचा, अरुंद तोंडाचा भोंगा. आवाज इकडेतिकडे सांडू न देता सरळ मागे फेकणारा. मंडपात तो शहाणाच होता. घरासाठी पेट्या बनवल्या तेव्हाही तुम्ही तोच वर बसवला. खाली ढोलकीचा मोठा स्पीकर, मधात गाणाऱ्याच्या गळ्याचा आठ इंची, वर भोंगा. पण आपल्या बैठकीत शेवटची ओळ कुठं होती हो? दहा पावलांवर भिंत, आणि भिंतीमागे शेजाऱ्याच्या म्हशी!

तुम्ही खुर्ची दोन्ही पेट्यांच्या बरोबर मध्ये ठेवायचे आणि डोळे मिटायचे. मी ऐकायची बाजूनं, सैपाकखोलीच्या दारातून. पहिल्या दिवशी रामनाम लावलं, आठवते? तुम्हाला 'श्रीराम' ऐकू आलं, मला नुसतं 'रीराम'. देवाचा 'श्री' खुर्चीपाशीच संपत होता. स, श, त हे बारीक आवाज भोंग्याचे, तो ते सरळ फेकायचा. आ, ओ मधल्या स्पीकरचे, ते घरभर पसरायचे. मी म्हटलंही होतं, एका घरात राहून दोघं दोन बाजूंना तोंड करून बसले आहेत.

"सैपाकखोली म्हणजे का शेवटची ओळ हाय? खुर्चीवर येऊन बस अन् आयक," असं तुम्ही म्हणाले.

खुर्चीवर बसले असते तर पोळ्या कोण लाटणार होतं?  मी वाण्याच्या वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवलं, कोणत्या जागी कोणतं अक्षर ऐकू येत नाही ते.

आता जे लिहायचं आहे ते जड जाते. तुमच्या आजारपणात पलंग बाजूच्या भिंतीला लावला होता. पेट्या सुरू केल्या तर तुम्ही विचारलं, "आवाज काहून दबला? मले शब्द समजून नाही राहिले." मला कारण माहीत होतं. वही सांगत होती. पण त्या वेळी तुम्हाला तुमची चूक दाखवायची कशी? मी म्हटलं, औषधानं कान जड होतात. मन राखायला खोटं बोलले. आणि ज्या माणसानं जन्मभर कानावर भाकर खाल्ली, तो 'आता माहे कानही गेले' म्हणत गेला. देवापुढे रोज दिवा लावते, पण एवढी एक गोष्ट अजून देवाला सांगता आली नाही.

म्हणून करवत.

पोळपाट करणाऱ्या खराद्याकडे गेले. मोडक्या पलंगाचं सागवान दिलं. तो म्हणे, तेल ओतायच्या चाडीसारखं करू का? मी म्हटलं, चाडी नको, पसरट थाळीसारखं कर, मधोमध छेद, आणि तोंड बरोबर या मधल्या स्पीकरएवढं. दोघांची तोंडं सारखी तर दोघांचं पसरणंही सारखं, एवढंच माझं गणित. आज सकाळी पेटीचं वरचं भोक करवतीनं थाळीएवढं केलं आणि तुमच्या भोंग्याच्या मागचं यंत्र काढून त्या थाळीला लावलं. उथळ थाळीत त्याला जड स्वर झेपेनात, म्हणून कपॅसिटर बदलून त्याच्याकडचे खालचे स्वर मधल्याला दिले. तरी ओरडतच होतं, मग रेझिस्टन्स टाकून गप्प केलं. ही सारी कामं तुमच्या शेजारी बसूनच शिकले ना?

दुपारी भाऊजी पुन्हा आले. मी त्यांना सैपाकखोलीच्या दारात उभं केलं आणि रामनाम लावलं. ऐकल्याबरोबर त्यांनी तोंड वाकडं केलं.

"सत्यानाश केला, वहिनी. गानाऱ्याच्या गळ्यात खड्डा पडला."

मला हसू आलं. थाळीची तार मी मुद्दाम उलटी जोडली होती. उलट्या तारेला दोघं एकमेकांचा आवाज खातात; असा खड्डा पडला तर सुलट्या तारेला दोघं जुळले समजायचं, हे तुमचंच शिकवणं. तुमचा भोंगा होता तेव्हा त्या दारात हा खड्डा कधी पडलाच नव्हता, कारण भोंगा तिथवर पोचतच नव्हता.

तार सुलटी केली. 'श्रीराम' आलं. पूर्ण आलं, 'श्री'सकट.

 भाऊजी पलंग होता त्या भिंतीशी जाऊन बसले आणि बराच वेळ ऐकत राहिले. मग हळूच विचारलं, "मंजे दादाचे कान बराबर होते?"

होते.

उजवी पेटी उद्या कापणार आहे. वर्षश्राद्धाला हार नाही, कापड नाही. येणाऱ्या बायामाणसांना जागा मिळेल तिथं बसवून दोन्ही पेट्या ऐकवणार आहे. आणि सर्वांना दोन गोष्टी सांगेन, असा शब्द देते. तुमचे कान शेवटपर्यंत शाबूत होते. आणि घरासाठी भोंगा निवडताना तुम्ही चुकले होते. एक सांगून दुसरी लपवणार नाही. लपवून काय होते ते मी एकदा पाहिलं आहे.

तुमचीच,
कुंदा