मिनिटाला चार लाटा

रिव्हिएर कोको, रॉद्रिग
बुधवार, २१ फेब्रुवारी

प्रिय दादा,

तुला आणि वहिनीला नमस्कार, मुलांचे लाड. इकडे आम्ही सगळे ठीक आहोत. हे रीत म्हणून लिहीत नाही, खरोखरच ठीक आहोत. आपल्या गावाची एकही बोट गेली नाही, हे तुला आधी सांगते. एकतीस होत्या, एकतीस आहेत. माणसांना खरचटण्यापलीकडे काही झालं नाही. तुम्ही मॉरिशसला रेडिओवर वादळाचं ऐकून काळजीत असाल, किंवा नसालही. असलात तर आता सोडा.

छपरं मात्र गेली. आमच्या स्वयंपाकघराचे पत्रे उडाले ते थेट फिलोमेन मावशीच्या अंगणात. मी आणायला गेले तर म्हणते, राहू दे, माझ्या कोंबड्यांना हवेच होते. मका आडवा झाला, मिरच्या खाऱ्या पाण्यानं करपल्या. शेजारच्यांची शेळी दोन दिवस बेपत्ता होती, ती चर्चमध्ये सापडली आणि बाहेर यायला तयार नव्हती. पावसाच्या मापकानं मात्र आपली जागा सोडली नाही. सकाळी आठला वाचन घ्यायचं म्हणजे घ्यायचं, म्हणून सेर्जनं, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, माझ्या कमरेला दोर बांधला आणि दाराच्या चौकटीला पाय लावून धरून बसला. मी जाऊन येईपर्यंत तो मला, मापकाला आणि आपल्या अख्ख्या घराण्याला शिव्या घालत होता. मापक तीनदा रिकामं केलं. दोनशे सत्त्याऐंशी मिलिमीटर. बाबांच्या वेळेपासून एका दिवसात एवढा पाऊस वहीत नाही.

तुला वाटेल, तेवीस वर्षांनी ही बाई पत्र लिहायला बसली आणि पत्रे-कोंबड्या सांगते. येते, मुद्द्यावर येते. पण मला आधी समुद्रावरून जाऊ दे.

बाबांचा लाटांचा रकाना मी चालू ठेवला आहे. ते गेले त्याच्या दुसऱ्या दिवशीपासून. पाऊस लिहायचा तो हवामानवाल्यांसाठी, लाटा लिहायच्या त्या आपल्यासाठी, असं ते म्हणायचे. उजाडलं की ओट्यावर उभं राहायचं, बाहेरच्या खडकांच्या रांगेवर फुटणाऱ्या लाटा मिनिटभर मोजायच्या, असं तीनदा. रोजच्या वाऱ्याच्या लाटा पोरांसारख्या दुडूदुडू येतात, मिनिटाला आठ, कधी नऊ. लांब कुठे मोठं वादळ घोंघावत असलं की लाट ढांगा टाकत येते, आणि आकडा उतरतो. तुला हे सगळं पाठ आहे. मी माझ्या समाधानासाठी लिहिते आहे.

तर गेल्या आठवड्यात सोमवारी आठ होत्या. मंगळवारी सात. बुधवारी पाच.

आकाश स्वच्छ होतं, वारा पडलेला. रेडिओ सांगत होता की ईशान्येला वादळ आहे पण ते लांबून, मोकळ्या समुद्रावरून निघून जाईल. त्यांचं खोटं नव्हतं, तेव्हा ते तिकडेच निघालं होतं. आणि गुरुवारी आमची ऑक्टोपस पकडण्यावरची बंदी उठणार होती. महिनाभर कोणी उथळ पाण्यात पाय घातला नव्हता. ऑक्टोपस टोचायच्या सळया घासून झाल्या होत्या, वाळत घालायच्या काठ्या रोवून झाल्या होत्या. सेर्जला मी पाचाचा आकडा सांगितला तर म्हणाला, मला नको सांगूस, गावाला सांग. मी म्हटलं, सांगेन उद्या. खरं म्हणजे माझं धाडस होत नव्हतं. सांगायचं तर वहीचं नाव घ्यावं लागणार आणि आपल्या वहीचं नाव ह्या गावात कोणी कसं घेतं ते तू पाहून गेला आहेस.

गुरुवारी सकाळी मोजल्या. चार. पुन्हा मोजल्या. चार.

किनाऱ्यावर गेले तेव्हा शंभरावर बायका ओळीनं उभ्या होत्या, पायांत जुने बूट, हातात सळई, डोक्यावर टोपी. मीही माझी सळई घेऊनच गेले होते, बघ, अजून मनात होतं की गप्प बसावं आणि पाण्यात उतरावं. ओहोटी तर अशी लागली होती की एवढी मी कधी पाहिली नाही, खडकांच्या रांगेपर्यंत कोरड्या पायानं जावं. सगळ्या खूश. शिट्टी वाजली की दोन तास त्या पार रांगेपाशी असणार होत्या, किनाऱ्यापासून अर्ध्या तासाच्या वाटेवर. आणि ज्या लाटा चार होऊन येत होत्या, त्या पाणी भरायला लागल्यावर रांग ओलांडून आत येणार होत्या.

मी मत्स्य-कचेरीच्या माणसाला जाऊन सांगितलं. भला मुलगा आहे, ऐकून घेतलं, फोन उघडून दाखवला की इशारा नाही. मग मी मोठ्यानं बायकांना सांगितलं. काही हसल्या. एक म्हणाली, तुझ्या टोपलीत जागा नसेल तर आम्ही भरतो. फिलोमेन मावशी हसली नाही. ती पुढे आली. सत्तरीची आहे आता, पण पाण्यात अजूनही सगळ्यांच्या पुढे असते.

"कोणत्या वहीत आहेत तुझे चार?" तिनं विचारलं. "त्याच ना? त्या वहीत आठ होते म्हणून माझ्या नवऱ्यानं बोट वर ओढली नाही. आमच्या अकरा बोटी खाऊन बसलीय तुझी वही."

दादा, आता आलं ते.

तू त्या सकाळी पोर्ट माथुराँला होतास, फुटबॉलच्या निवडीला. आठवडा तुझा होता, आणि जाताना तू मला म्हणालास, लुसे, उद्याचं तेवढं मोज. मी हो म्हटलं. सकाळी जाग आली, पण अंथरुणातून उठावंसं वाटलं नाही. काही कारण नव्हतं. ताप नव्हता, पोटात दुखत नव्हतं. सतरा वर्षांची होते आणि गादी उबदार होती, एवढंच. मी पडल्यापडल्या वही ओढली, आठ लिहिलं आणि बाजूला तुझं नाव, एवारिस्त. कालही आठच होते ना, आजही असतील. बाबांनी वही पाहिली आणि गावभर सांगून आले की बोटी आहेत तिथे राहू द्या.

त्या रात्री वादळ आलं आणि अकरा बोटी गेल्या. त्यानंतर बाबांनी तुझ्यासमोर वही मिटली आणि म्हणाले, "आता हिला हात लावू नकोस." तू टेबलाच्या पलीकडून माझ्याकडे पाहिलंस. मी ताटात पाहिलं. तू एक शब्द बोलला नाहीस, जेवण संपवलंस, ताट धुतलंस. दोन महिन्यांनी मॉरिशसच्या जहाजात बसलास. तुझी दोन पत्रं आली, मी उत्तर दिलं नाही, कारण काहीही लिहिलं असतं तरी त्यात ते एक लिहावं लागलं असतं. बाबा गेले तेव्हा तू आला नाहीस. लोक काहीबाही बोलले, ते मी ऐकून घेतलं. तेही मीच केलं होतं.

गावानं बाबांना पुन्हा कधी काही विचारलं नाही. ते मात्र एकोणीस वर्षं रोज ओट्यावर उभे राहून मोजत होते. आणि त्यांना कधी कळलं नाही की ते चुकले नव्हते. हे मला मरेपर्यंत पुरणार आहे.

तर मी किनाऱ्यावर सळई वाळूत टेकली आणि हे सगळं सांगून टाकलं. असं नीट नाही सांगितलं, अडखळत, पण मोठ्यानं, मागच्यांनाही ऐकू जाईल असं. ते आठ कोणी मोजलेच नव्हते, म्हटलं. एवारिस्तनं लिहिले नव्हते. मी लिहिले, झोपून.

मला वाटलं आता कोणीतरी थोबाडीत देईल, आणि दिली असती तरी बरं वाटलं असतं.

"म्हणजे पोरगा खोटा नव्हता," फिलोमेन मावशी म्हणाली.

"नाही."

"आणि म्हातारा चुकला नव्हता."

"कधीच नाही. ह्या वहीत एवढा एकच आकडा खोटा आहे, मावशी."

तिनं माझ्याकडे पाहिलं. मग कचेरीच्या मुलाला म्हणाली, "घड्याळ काढ." आणि मला, "तू बोलायचं नाहीस. मी मोजते."

आम्ही सगळ्याजणी खडकांच्या रांगेकडे तोंड करून उभ्या राहिलो. पांढरी रेघ उठली, ती म्हणाली, एक. मग एवढा वेळ गेला की कोणीतरी खोकलं. दोन. तिसरीला मागच्या दोघी-तिघी तिच्याबरोबर म्हणाल्या. चौथीला सगळा किनारा म्हणाला, शंभर बायका, एका आवाजात. पाचवी आलीच नाही, आधी मिनिट संपलं. तिनं पुन्हा मोजायला लावलं. पुन्हा चार. दादा, मी त्या लाटा नेहमी एकटीनं मोजल्या, आधी बाबांच्या धाकानं, मग लाजेनं. त्या दिवशी सगळं गाव मोजत होतं.

फिलोमेन मावशीनं सळई खांद्यावर टाकली. "ऑक्टोपस कुठे पळून जात नाहीत," ती म्हणाली. "बोटी काढा."

आणि निघाल्या! कुरकुरत, शिव्या देत, मला खूप काही ऐकवत, पण निघाल्या. पुरुषांना उठवलं, पोरांना शाळेतून बोलावलं, पाणी भरायच्या आत बोटी ओढत नदीच्या वरच्या वळणावर नेल्या आणि झाडांना बांधल्या. कचेरीचा मुलगाही शर्ट काढून ढकलत होता. अकरा वाजता पाणी भरायला लागलं आणि पहिली लाट रांगेवरून सरळ आत आली, जिथे आम्ही असणार होतो तिथे, पुरुषभर उंचीची. मावशीनं छातीवर क्रूस काढला आणि मला म्हणाली, दोर नीट आवळ, असा ढिला का बांधतेस.

दुपारी दोनला रेडिओनं सांगितलं की वादळ वळलं. शुक्रवारी पहाटेपासून संध्याकाळपर्यंत त्यानं आम्हाला झोडपून काढलं. शनिवारी आम्ही नदीवर गेलो आणि बोटी मोजल्या. त्याही सगळ्यांनी मिळून, मोठ्यानं. एकतिसावीला एवढा आरडाओरडा झाला की ती बेपत्ता शेळी आणखी लांब पळेल अशी मला काळजी वाटली.

रविवारी चर्चमध्ये अर्ध्या छपराखाली प्रार्थना झाली. संपल्यावर फिलोमेन मावशी उठली आणि फादरना न विचारता पुढे जाऊन उभी राहिली. ती म्हणाली की तेवीस वर्षांपूर्वी आपण एका मुलाला खोटा म्हटलं आणि एका म्हाताऱ्याला वेडा म्हटलं, आणि दोन्हींत आपण चुकलो. तिनं तुझं पूर्ण नाव घेतलं, बाबांचंही. मग म्हणाली, सगळ्यांत आधी मी म्हटलं होतं, म्हणून सगळ्यांत आधी मी सांगते. चर्चमध्ये कोणी टाळ्या वाजवत नाही. सगळे नुसते उठून उभे राहिले. मी बसूनच होते. सेर्जनं मला काखेत हात घालून उठवलं.

हवामानवाले काल येऊन गेले. बेचाळीस वर्षांच्या वह्या पाहून त्यांच्यातल्या एका बाईंनी टेबलावर हात ठेवला आणि म्हणाल्या, हा रकाना कोणी सुरू केला? त्या सगळ्या पानांचे फोटो काढून घेऊन गेल्या. त्या खोट्या आठावर मी माझ्या हातानं रेघ मारली आणि बाजूला लिहिलं, मोजले नाहीत, लुसेत. त्या म्हणाल्या, असं करायची गरज नाही. मी म्हटलं, आहे.

आता रोज सकाळी कोणी ना कोणी कुंपणापाशी येऊन विचारतं, आज किती? पाठोपाठ दुसरं हमखास विचारतं, मोजल्यास, की झोपूनच? पोरंसुद्धा विचारतात. हे आता माझ्या मरणापर्यंत चालणार. चालू दे. मला इतकं हलकं कधीच वाटलं नव्हतं. आज आठ आहेत, दादा. पाणी काचेसारखं आहे, काल आम्ही शेवटी पाण्यात उतरलो, आणि फिलोमेन मावशीनं तिचा पहिला ऑक्टोपस तुझ्या नावानं वेगळा वाळत घातला आहे. ती म्हणते, तो दुसऱ्या कोणी खायचा नाही.

माफी मी पत्रात मागणार नाही. ती तुझ्यासमोर उभं राहून मागायची आहे, आणि तू दिली नाहीस तरी ऐकून घ्यायचं आहे. तिकडून जहाज पुढच्या मंगळवारी निघतं. ये. वहिनीला, मुलांना घेऊन ये, छपराची सोय होईल. आला नाहीस तरी मी समजून घेईन, असं लिहिण्याची पद्धत आहे. पण मी समजून घेणार नाही, मला खूप वाईट वाटेल, आणि न घडलेलं लिहिणं मी सोडलं आहे.

तुझी धाकटी बहीण आणि आता साऱ्या गावाची जाहीर खोटारडी,
लुसेत