पहिल्या रांगेतली जागा

१० फेब्रुवारी, लीड्स
अनुराधाने स्विमिंग कॉस्च्यूम बॅगेतून काढून ठेवला. मी परत आत कोंबला! किमो संपली तरी डोक्यावर केस नाहीत, म्हणून माझी ही बायको घराबाहेर पडत नाही. कॉलेजात असताना कृष्णेत मला मागे टाकून पोहणारी! मेक्सिकोच्या समुद्रात तिला उतरवणारच.

१२ फेब्रुवारी, मेक्सिको
काय शांतता! वेटरसुद्धा कुजबुजतात. समुद्र निळाशार. अनुराधा खोलीतच.
"एवढ्या लोकांमधून चालत जाऊ? सगळे बघतात, शशी. पाण्यालगतच्या पहिल्या रांगेत जागा मिळाली तर येईन."
हुशार आहे. पहिल्या रांगेत प्रत्येक खुर्चीवर जागा धरायला टाकलेला टॉवेल, माणूस एकही नाही!

१३ फेब्रुवारी
लवकर गेलो. तरी टॉवेल! त्यातल्या एका टॉवेलाचा मालक कीथ, आपल्याच यॉर्कशायरचा, लीड्सच्या जवळचा. "अर्ली बर्ड, मेट!" म्हणाला. हे मला? मिरज स्टँडवर एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरण्यात माझं अख्खं कॉलेज गेलं. बघतोच आता.

१४ फेब्रुवारी
जिंकलो!! उजाडायच्या आत दोन खुर्च्या, दोन रुमाल. कीथ आला, रुमालांकडे बघत राहिला. "व्हॉट्स धिस?" "रिझर्व्हेशन," मी म्हणालो. बिचारा मुकाट्याने मागच्या रांगेत गेला. काही म्हणा, इंग्रज माणूस रांगेचा मान राखतो.
धावत खोलीवर आलो. अनुराधाने पांघरूण डोक्यावरून ओढलं. "तू जाऊन बस. मला नको."
दिवसभर एकटाच बसलो. शेजारची खुर्ची रिकामी. रडूच आलं. कीथने बिअर आणून दिली. माणूस तसा बरा आहे.

१५ फेब्रुवारी
भांडलो. "मी बरी झालेली बघायची तुलाच घाई झालीय," म्हणाली. खरं आहे ते. घाई झालीय, कारण भीती वाटते. तिला तसं सांगितलं. आता जागा धरायला जाणार नाही.

१६ फेब्रुवारी
जाग आली तर पलंगावर ती नाही! तसाच अनवाणी किनाऱ्यावर पळालो.
पहिल्या रांगेत, कीथच्या टॉवेलशेजारी, दोन खुर्च्यांवर मिळून तिचा डोक्याला बांधायचा स्कार्फ पसरलेला. आणि ती पाण्यात, पार लांब. मला बघून एवढ्या शांत रिसॉर्टमध्ये बोंबलली —
"शशी! जागा धरलीय! ये की लवकर!"