धुतलेल्या चादरीचा खुलासा

गंगापूर रोड, नाशिक
शुक्रवार

ती. दादांस,
कौसल्येचा साष्टांग नमस्कार.

पत्र लिहावे लागते आहे, कारण तुम्ही माझा फोन उचलत नाही आणि सूनबाई हर्षालीकडून निरोप मात्र पाठवता. निरोप असा, की मालनच्या दहाव्याला माझ्या गच्चीवर मासळी पसरली होती हे खरे का, आणि खरे असल्यास माळकरी घरातल्या मुलीने खुलासा करावा. करते. तुमची तब्येत, वहिनींचे गुडघे आणि चाळीतला कांदा ही तिन्ही टिकून असतील असे धरून चालते. (माझी तब्येत कुणी विचारलेली नाही, म्हणून लिहीत नाही.)

आपली सर्वांत धाकटी बहीण मालन तिकडे पालघरच्या किनाऱ्यावर काय काम करत होती, हे तुम्ही सव्वीस वर्षांत एकदाही विचारले नाहीत. मी विचारत असे, पण उत्तर ऐकत नसे, तेव्हा आपण दोघे सारखेच. तिच्या ओळखपत्रावर ‘समन्वयक’ असे आहे. म्हणजे जी माणसे एकमेकांचे तोंड पाहत नाहीत त्यांना एका सतरंजीवर बसवायचे आणि काम झाल्याशिवाय उठू द्यायचे नाही. नांदखाडी आणि कातळपाडा ही शेजारची दोन गावे. मध्ये वाळूचा एकच पट्टा, आणि मासळी वाळवायला दोघांनाही तोच हवा. आता सरकार किनाऱ्याचा आराखडा करते आहे. त्यात कोणती जागा गाव कशासाठी वापरते हे दाखवले नाही, तर ती मोकळी धरतात, आणि मोकळी जागा कुणाला द्यायची हे मग गावाला विचारत नाहीत. म्हणून मालनने तीन वर्षे खपून दोन्ही गावांच्या बायकांकडून एकच नकाशा काढून घेतला. (तिला आपल्या घरातल्यांना एका सतरंजीवर बसवता आले नाही. तो दोष सतरंजीचा नव्हे.)

हा नकाशा कागदावर नव्हता. पावसाळ्यात तिकडे कागदाचा लगदा होतो, म्हणून बायकांनी तो एका जुन्या पलंगपोसाएवढ्या चादरीवर बोटांनी काढला. पाणी निळीने, वाळवणाच्या जागा हळदीने, आणि कडेने सगळ्यांचे अंगठे. कागदावर उतरवायचे राहिले, कारण मध्येच मालनचे दुखणे निघाले आणि ती ट्रंक घेऊन माझ्याकडे आली. सहा आठवडे होती. ती गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी ट्रंक उघडली, तर चादरीला मासळीचा असा वास, की मी ती न उलगडताच बादलीत टाकली आणि धुण्याचा सोडा घातला. सोबत माझा पांढरा परकरही टाकला, पाणी वाया जाऊ नये म्हणून. पाणी लाल झाले. (हळदीवर सोडा पडला की लाल होते, हे मी एकतीस वर्षे आठवीच्या मुलींना शिकवले आहे.) चादर स्वच्छ निघाली. खाडीचा बराचसा भाग परकरावर उतरला होता.

दहाव्याला रामकुंडावर आपल्या घरची मी आणि हर्षाली, एवढ्या दोघीच होतो. किनाऱ्यावरून मात्र अकरा बायका आल्या. नांदखाडीच्या सहा जणींची पुढारी जानूबाई, कातळपाड्याच्या पाच जणींची रेहाना. दोन्ही गट पायऱ्यांच्या दोन टोकांना, एकमेकींकडे पाठ करून बसले. विधी आटोपल्यावर जानूबाईने चादर मागितली, कारण आराखड्याची सुनावणी आठ दिवसांवर आली होती. मी खरे ते सांगितले, उभ्यानेच. कुणी ओरडले नाही. जानूबाईने फक्त साबण कुठला वापरला ते विचारले. मी सोडा म्हटले, तेव्हा तिने मान हलवली, म्हणजे आशा संपली. नकाशाचा फोटो मालनच्या फोनमध्ये आहे. फोन तिच्या अंगठ्याने उघडत असे, आणि अंगठा अमरधामात गेला. बाकी कुणी फोटो काढला नव्हता, ताईंकडे आहे म्हणून.

मग मी अकराही जणींना घरी आणले. यालाच तुमच्या निरोपात ‘कोळणी उतरवल्या’ असे म्हटले आहे. जेवण होईपर्यंत त्यांचे वाळूच्या पट्ट्यावरून भांडण जुंपले. मालन असताना मिटलेले भांडण ती नाही म्हटल्यावर पिठले वाढेपर्यंतही थांबले नाही. माझा परकर मध्ये ठेवून खाडीचे वळण कुठे होते ते दोघी दाखवत होत्या. (परकर शिवताना याची कल्पना नव्हती.) अखेर मी आवाज चढवला आणि त्यांना परीक्षेला बसवतात तसे बसवले. नांदखाडी गच्चीवर, कातळपाडा दिवाणखान्यात, म्हणजे एकीचे पाहून दुसरीने काढायला नको. त्याच चादरीचे मधोमध दोन तुकडे केले आणि मेनरोडवरून आणलेले कापडाचे पक्के रंग वाटून दिले. आपापल्या वाळवणाच्या जागा काढा, आणि बोलायचे नाही, म्हणून बजावले. गच्चीवरच्यांनी आधी फरशीवर मांडून पाहिले, समुद्र म्हणून माझी निळी ओढणी आणि वाळवणाच्या जागी सुकटीची एक पुडी. शेजारच्या बाईंनी पाहिली ती हीच मासळी. वाळत नव्हती, आधीच वाळलेली होती.

मला शंका नव्हती, दादा. पट्टा दोन्ही तुकड्यांवर पुरा येणार, हे मी धरूनच चालले होते. जुना नकाशा नाही, साक्षीदार नाही, मग कोण सोडेल? चार वाजता तुकडे जमिनीवर जुळवले. मधला पट्टा दोन्हीकडे कोरा. दीड वीत. मी चिडले. मुख्य जागाच राहिली, ही कुणाची, म्हणून विचारले.

“कासवाची,” रेहाना म्हणाली. “थंडीत अंडी घालायला येतात. तिथं कुणीच वाळवायचं नाय, ताईंना जबान दिली.”

मग दुपारपासून भांडता कशावरून, म्हटले. त्या पट्ट्याच्या कडेच्या चार हातांवरून, असे कळले. मी म्हटले, तुमची ताई आता नाही आणि लिहिलेले होते ते मी धुऊन टाकले.

जानूबाई म्हणाली, “चादर धुतलीस तू, बाय. आमी हाव ना.”

मी स्वयंपाकघरात जाऊन चहा ठेवला. बराच वेळ ठेवला. बाहेर आले तेव्हा रेहाना दोन तुकडे शिवत होती आणि जानूबाई दुसऱ्या बाजूने चादर ताणून धरत होती. दोघी अजून बोलत नव्हत्या, पण सुई एकच होती. मग सगळ्यांचे अंगठे घेतले. खुलासा संपला.

वहिनींना नमस्कार.

तुमची धाकटी बहीण (आता एकच उरलेली),
कौसल्या

ता. क. सुनावणी येत्या मंगळवारी सकाळी अकराला पालघरला आहे. अंगठे उमटलेली चादरच तिथे उलगडून दाखवावी लागते आणि ती धरायला दोन माणसे लागतात. कुठल्याही एका गावाने टोक धरले तर दुसरे रुसेल, म्हणून टोके ताईंच्या घरच्यांनी धरावीत असे बायकांनी ठरवले आहे. एक मी धरीन. तुमची कांद्याची पिकअप चालेल. पहाटे मला घ्या, त्र्यंबक-जव्हारमार्गे जाऊ. नकाशा मी हर्षालीबरोबर तुमच्याकडे देवळ्याला पाठवते आहे. म्हणजे तुम्ही आला नाहीत तर तोही येणार नाही.

ता. क. २. चादर न उलगडता बादलीत टाकली, असे वर लिहिले आहे. ते खोटे आहे. मी ती पलंगावर पसरली होती. निळी खाडी, पिवळ्या जागा, अंगठे, सगळे दिसले, आणि समजलेही. त्या दोन गावांसाठी तिच्याकडे सव्वीस वर्षे होती आणि माझ्यासाठी सहा आठवडे, तेही अंथरुणात. मग मी सोडा नेहमीपेक्षा जास्त घातला. हे त्या बायकांना सांगितलेले नाही. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही तिला माझ्याआधी धुऊन टाकले होते.

हर्षालीच्या हाती दिले:
मालनचा फोन, बंद.
मालनचा चष्मा, घरासह.
ओळखपत्र, दोरीसह.
तिने तुम्हाला लिहिलेली आणि तुम्ही न फोडता परत पाठवलेली पत्रे, नऊ.
परकर, एक. (सुनावणीत लागल्यास.)
चादर, एक, मधोमध शिवण. कोरी जागा दीड वीत. मोजून दिली आहे, मंगळवारी मोजून घेईन.