बटण सोडायचा खेळ

दि. ३ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

आम्ही ठीक. शिवणाच्या मशीनवर लोकांच्या पँटींचा ढीग पडलाय, तो तसाच. चिमीची उजवी मूठ अजून घट्टच. धरलेली वस्तू सोडता येत नाही, म्हणून थेरपीच्या बाईंनी खेळ सांगितला होता: मोठं बटण डब्यात टाकायचं, वाजलं की टाळ्या. टाकायला लागली असं मी तुला कळवलंही होतं.

काल बाईंनी स्वतः डबा धरला. कार्टीने तिकडे बघितलंच नाही, वळून मूठ माझ्यापुढे केली. अगं, मी दर वेळी तिचं मनगट हळूच वाकवत होते. वाकवलं की बोटं आपोआप सैल होतात. बाई म्हणाल्या, खेळ तुम्हीच खेळताय. मला रडू यायला हवं होतं. आलं नाही. हल्ली आतून सगळं बधिर झालंय.

भाओजींना नमस्कार.
तुझी धाकटी

दि. ११ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून आधी हसले, रागावू नकोस. लहानपणी माझी चित्रंसुद्धा न विचारता रंगवून टाकायचीस! हात शिवशिवतात तुझे. आता त्या हातांवर बसून राहा. खरंच बस. तिला चिडू दे. टाळ्याबिळ्या नकोत, तुझा चेहरा बघूनच पोरीला कळतं की हा अभ्यास आहे.

तुला रडू येत नाही, याची मात्र मला काळजी वाटते. जेवतेस का नीट? येऊ का विचारलं तर नको म्हणशील, म्हणून सरळ रजा टाकलीय.

तुझीच, ताई

दि. २२ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

बसले हातांवर. चिमीने मूठ पुढे केली, वाट पाहिली, मग भोकाड पसरलं. रोज हेच. आज रडून दमली आणि मला विसरली. डब्यात तोंड घालून ओरडली, आपलाच आवाज ऐकून खिदळली. मग मूठ आत घातली. बटण वाजलं. इतकी वाट पाहिली होती, पण मला काहीच वाटलं नाही. खोटं कशाला लिहू? पायाला मुंग्या आल्या होत्या, तेवढंच कळत होतं.

मग तिने डाव्या हाताने दुसरं बटण उचललं, उजव्या मुठीत कोंबलं आणि डब्यात सोडलं. माझ्याकडे वळूनसुद्धा बघितलं नाही गं. तेव्हा मात्र मला रडू फुटलं. अजून थांबत नाहीये, आणि ती आपली खेळतेच आहे.

लवकर ये.
तुझी धाकटी