फानच्या हातावरचे वळ

रविवार, ३ मार्च १९९६

फानच्या हातावर पुन्हा वळ! रविवारच्या हॉटेलात मी तिला चहा ओतला. आमच्या रीतीप्रमाणे आभाराची दोन बोटं टेबलावर ठोकायला तिनं हात पुढे केला, अन् बाही सरकली. एकुलती एक बहीण माझी. विचारलं तर म्हणे, "मोदक उकडताना टोपलीची वाफ लागली, दादा." वाफेचे असे वळ उठतात? तिचा नवरा कामतो शेजारीच – मान खाली घालून आमच्या आईच्या वाटीत हार-गाव, कोळंबीचे उकडलेले मोदक, बारीक करत होता. केवढा सोज्वळ! आई त्यांच्याकडेच असते. ऐंशीची झाली, सकाळचं दुपारी आठवत नाही. बरंच आहे. तिला लेकीचे हाल कळत नाहीत.

मंगळवार, ५ मार्च

दुकानात डुक्कर फोडताना दिवसभर कामतोचीच मान दिसत होती.

रविवार, १० मार्च

मारलं मी त्याला.

नेहमीचंच हॉटेल, नेहमीचं गोल टेबल, आम्ही आठ जण. फान आली ती फाटलेला ओठ घेऊन. सगळ्यांनी पाहिलं. माझी बायको म्हणते, "कोंबडीचे पाय गरम आहेत तोवर घ्या ना!" मी कामतोला म्हटलं, "काय रे, बाईमाणसावर हात टाकतोस?"

"दादा, इथे नको. घरी बोलू."

बस्स! चहाची भरलेली चिनी मातीची किटली उचलली आणि त्याच्या तोंडावर हाणली. फुटली. उकळता चहा सदऱ्यात गेला. तो गुरासारखा ओरडला. मी वर खुर्ची घातली. दोनदा. पदार्थांची गाडी ढकलणारी बाई किंचाळली, टोपल्या गडगडत गेल्या. फान माझ्या दंडाला लोंबकळत होती – "सोड त्याला, दादा!" तिलाही ढकललं मी. आई टाळ्या वाजवत होती.

खरं लिहितो – बरं वाटलं.

मंगळवार, १२ मार्च

कामतोचा डावा डोळा गेला. पोलिसांना म्हणाला, किटली निसटली, कुणाचा दोष नाही. घाबरला, भेकड!

गुरुवार, १४ मार्च

फान दुकानात आली. रडली नाही. "आई मारते, दादा. दोन वर्षं झाली. तू तिला वृद्धाश्रमात टाकशील म्हणून कामतो मला बोलू देत नव्हता. त्याची आई तशाच आश्रमात वारली ना." इस्पितळात तो सारखा एकच विचारतोय म्हणे – आईला कोण भरवतंय?