बोटीला आग्नेय दिशा नसते

सोमवार, ३ नोव्हेंबर २०२५

बोट! मला बोटीचं काम आलंय!

आधी वाटलं फोनवरचा माणूस चेष्टा करतोय. "मॅडम, टीव्ही बसवायचाय, पण घरात नाही." म्हटलं, मग ऑफिसात? "नाही, बोटीवर." आकाश गायकवाड. मुलुंडला राहतो, स्वतःची सॉफ्टवेअर कंपनी आहे. हौसेची बोट घेतलीय सेकंडहँड, रविवारी घरच्यांना घेऊन फिरायला. सध्या ती मढला किनाऱ्यावर चढवलीय, रंगकाम चाललंय. तीस तारखेला रविवार, त्याच्या आईचा पंचाहत्तरावा वाढदिवस, तो बोटीवर करायचाय. आईची अट एकच. तिच्या मालिकेचा दुपारी एकचा महाएपिसोड चुकणार असेल तर ती बोटीवर पाय ठेवणार नाही!

"होऊन जाईल," मी म्हटलं. किती टेचात म्हटलं! बोटीवर मी आजवर काय बसवलंय? खिळासुद्धा नाही.

संध्याकाळी नाहूरला घरी येते तर चुलतभाऊ सुयोग सोफ्यावर. बाबा जानेवारीत कायमचे गावी जाणार, तर साकीनाक्याच्या आमच्या टीव्ही-डिशच्या दुकानाची चावी कोणाला, हाच विषय. "काका, मला द्या ना, मोबाइल कव्हरांचा झकास काउंटर टाकतो. ताई किती दिवस गच्च्या चढणार?" अकरा वर्षं चढतेय रे मी! एकदा तरी विचारलंस, ताई पाय दुखतात का?

मी तिथल्या तिथे बोटीचं सांगितलं. बाबांनी चहाचा कप खाली ठेवला. म्हणाले, "ह्या बोटीचा काम एकटी करून दाखव. माका एक अक्षर विचारूचा नाय. जमला तर चावी तुजी. नाय तर सुयोगची."

आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "असं कसं हो, पोरीने अडल्यावर विचारायचं नाही?" बाबांनी पुन्हा कप उचलला.

ठीक आहे. नाही विचारणार!


बुधवार, ५ नोव्हेंबर

चिडून झालं, आता जरा घाबरतेय. आजवर अडलं की गच्चीवरून बाबांना फोन लावायचा, हाच माझा धंदा. त्यांचं उत्तरही ठरलेलं: "आदी आग्नेयेक तोंड कर, मगे बोल." मुंबईतली कुठलीही डिश घ्या, तिचं तोंड आग्नेयेला. मिल बंद पडल्यावर बाबांनी टीव्हीचं काम शिकून घेतलं, अँटेना गेले, डिश आल्या, आणि आग्नेय दिशेने आमचं घर चालवलं. मला तर अनोळखी गच्चीवर डोळे बांधून सोडा, कुठे वळायचं ते सांगेन.

वायफायची कामं तेवढी गेली दोन-तीन वर्षं बाबा माझ्याकडे ढकलतात. गुडघे दुखतात म्हणे. जिना नसलेल्या घरीसुद्धा दुखतात!


शनिवार, ८ नोव्हेंबर

मढला जाऊन बोट बघून आले. छोटीशी, पांढरी, आत एक केबिन, दोन बाकं, एक चहाची शेगडी. आकाशने त्रेचाळीस इंची टीव्ही आधीच विकत आणून ठेवलाय. केबिनमध्ये टीव्हीपुरती मोकळी भिंत अडीच फुटी. आडवा लावून बघितला, उभा लावून बघितला, तिरका लावून बघितला. शेवटी मीच म्हटलं, दादा, हा घरी लावा. इथे चोवीस इंची बसेल, आणि तोही बॅटरीवर थेट चालणारा, बारा व्होल्टचा. तो म्हणाला, "आईला चष्मा आहे." मी म्हटलं, चष्म्यासकट चार फुटांवर बसणार आहेत, मालिकेतल्या सासूच्या नथीतले मोती मोजतील!

हसला. काम पक्कं.


बुधवार, १२ नोव्हेंबर

लागली! डिश लागली! केबिनच्या टपावर पक्की बोल्ट मारून बसवली. गंजू नये म्हणून स्टीलचे स्क्रू, वर ग्रीस. आग्नेयेला तोंड केलं आणि पहिल्या फटक्यात चित्र. चकाचक! रंगारीसुद्धा ब्रश टाकून बघायला आले.

बाबा आले होते. सुयोगच्या गाडीतून, सहज म्हणून. वाळूत उभे राहून टपावरच्या डिशकडे बराच वेळ बघत होते. मान हलवली. एक शब्द बोलले नाहीत. मीही विचारलं नाही. सुयोगचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

अठरा दिवस आधीच काम फत्ते. चावीला कुठली किचेन घालायची एवढंच ठरवायचंय.


गुरुवार, २० नोव्हेंबर

वाट लागली.

आज अमावस्या, मोठी भरती, म्हणून बोट पाण्यात उतरवली. वर्सोवा आणि मढच्या मधल्या खाडीत दुपारी नांगर टाकला. मी टीव्ही लावला, डिश जराशी सरकवली, चित्र आलं. आकाशने टाळ्या वाजवल्या. मी वाकून नमस्कार केला, काय तो माझा रुबाब!

मग भरती फिरली. ओहोटी लागली तशी बोट नांगराभोवती हळूहळू वळायला लागली. केबिनच्या खिडकीत मढची झाडं होती, तिथे वर्सोव्याच्या इमारती आल्या. बोटीचं तोंड समुद्राकडे होतं ते खाडीकडे झालं. आणि माझी डिश? टपावर घट्ट बसलेली, मी मारलेल्या बोल्टांनी. बोटीबरोबर तीही वळली. पडद्यावर पाटी: सिग्नल नाही.

मी टपावर चढून डिश फिरवली. चित्र आलं. वारा आला, बोट पुन्हा हलली. गेलं. पुन्हा फिरवली. गेलं. आकाश खालून म्हणाला, "ताई, तीस तारखेला तुम्ही दोन तास वर बसणार का?" तो रागाने नाही म्हणाला, खरंच विचारत होता. तेच जास्त लागलं.

अकरा वर्षं! इमारत जागची हलत नाही एवढंच मला ठाऊक होतं. बोट फिरते हे दूधपित्या पोराला कळेल, मला नाही कळलं.


शुक्रवार, २१ नोव्हेंबर

बाबांना ठाऊक होतं. वाळूत उभे राहून बघत होते. जन्मभर "आमी दर्यावरची माणसा" म्हणून ऐकवतात, आणि पोटच्या पोरीला एवढं सांगवेना, की बोट फिरते! जेवताना मान वर करून बघितलंही नाही मी.


शनिवार, २२ नोव्हेंबर

रडून झालं. आता डोकं चालवायचं.

फिरत्या बोटीसाठी घुमटासारखी डिश मिळते, आपली आपणच उपग्रह शोधत वळते. बाहेरून मागवावी लागते, सहा आठवडे. आणि आकाशच्या बोटीएवढी तिची किंमत! बाद. आकाशातून थेट इंटरनेट म्हणतात ते बोटीवर चालवायची परवानगी कोण देतं हे दहा जणांना विचारलं, अकरा उत्तरं आली. बाद. एपिसोड आधी उतरवून हार्डडिस्कवर न्यायचा? महाएपिसोड आधी कुठून आणू? मग दुसऱ्या दिवशी दाखवला तर? आकाशने फोन आईकडेच दिला. शांताबाई कडाडल्या, "उद्या बघून काय करू? शेजारची लता सकाळी दूध घ्यायला येते तीच अख्खी गोष्ट सांगून जाते! मला तेव्हाच्या तेव्हा पाहिजे."

बरोबर आहे बाईचं. मालिका शिळी झाली की काय चव?

फोन ठेवला आणि लक्षात आलं, मी त्यांच्याशी खाडीतल्या बोटीवरूनच बोलत होते. डिश काढायला गेले होते ना. एकदाही आवाज तुटला नाही. अगं मूर्ख बाई, मग आकाशाकडे कशाला बघतेस? मोबाइलचे टॉवर किनाऱ्यावर आहेत, या हाताला मढ, त्या हाताला वर्सोवा!

सिमकार्ड घालायचा राउटर. डोलकाठीला सरळ काठीसारखा अँटेना. त्याला तोंडच नसतं, चहूबाजूंनी सारखंच पकडतो. बोट फिरू दे नाहीतर फुगडी घालू दे! टीव्हीवर चॅनेलचं अ‍ॅप, एपिसोड तेव्हाच्या तेव्हा. मुलुंड ते अंधेरी निम्म्या घरांत मीच वायफाय बसवलंय, आणि मला हे आज सुचतंय.


सोमवार, २४ नोव्हेंबर

या वेळी किनाऱ्यावर फसायचं नाही. फिरवूनच बघायचं! बोट रोज कोण देणार, म्हणून दुकानासमोर रिक्षा लावणाऱ्या दशरथला धरलं. मागच्या सीटवर मी, मांडीवर चोवीस इंची टीव्ही, पायाशी बॅटरी, रिक्षाच्या दांडीला चिकटपट्टीने बांधलेला अँटेना. चला आरे कॉलनीत. तिथे झाडीत रेंज येते-जाते, परीक्षा कडक होईल.

एका मोकळ्या मैदानात म्हटलं, आता गोल गोल फिरवा.

"ताई, डोकं ठिकाणावर आहे ना?"

"आहे. फिरवा."

दहा फेऱ्या. टीव्हीवर बाई पुरणपोळी करत होती. तिची पोळी लाटून झाली, भाजून झाली, चित्र ढिम्म हललं नाही! दशरथ म्हणाला, "मला गरगरतंय, पण पोळी मस्त झाली हां." तबेल्यांकडून पोरं पळत आली, त्यांना वाटलं शूटिंग आहे.

पण परत येताना दाट झाडीत चित्र दोनदा अडकलं. दोनदा म्हणजे दोनदा. शांताबाईंना चालणार नाही.


मंगळवार, २५ नोव्हेंबर

दोन सिम! दोन वेगवेगळ्या कंपन्यांची. एक दमलं की दुसरं धावतं. पुन्हा दशरथ, पुन्हा आरे, पुन्हा गोल गोल. एकदाही अडकलं नाही! एकदाही! दशरथला वडा-पाव आणि आल्याचा चहा. तो म्हणतो, उद्या यायचं का परत?


शुक्रवार, २८ नोव्हेंबर

बोटीवर सगळं बसवलं. डोलकाठीला अँटेना, वायरीच्या तोंडाला रबर आणि मेण, खारं पाणी शिरायला नको. डिशच्या बोल्टांची चार भोकं टपावर राहिली होती, ती स्वतः भरली आणि वर रंग मारला. तरी जवळून दिसतात. दिसू देत.


रविवार, ३० नोव्हेंबर

जिंकले!!!

शांताबाई पांढऱ्या साडीत, एका हातात पर्स, एका हातात चिवड्याचा डबा. लहान होडीतून बोटीवर चढताना म्हणाल्या, "ही बुडत नाही ना? आणि टीव्ही कुठाय?" आधी बुद्धवंदना झाली, मग केक. एकला पाच कमी असताना सगळे केबिनमध्ये कोंबून बसले. मी रिमोट हातात घेतला.

एकच्या ठोक्याला गाणं सुरू. चित्र आरशासारखं. शांताबाईंनी डबा उघडला, म्हणजे पसंत!

मग शांताबाईंचा फोन वाजला. लता. "अहो, थोबाडीत दिली तिने सासूच्या!" आमच्या पडद्यावर सासू अजून देवापुढे निरांजन ओवाळत होती. अर्ध्या मिनिटाने बसली थोबाडीत. शांताबाईंनी माझ्याकडे वळून डोळे वटारले, "लता पुढे कशी काय?" मी सांगितलं, आजी, इंटरनेटवरून यायला जरा वेळ लागतो, वळसा पडतो. त्यांनी फोनमध्ये सुनावलं, "लते, तोंड बंद ठेव, मी समुद्रात आहे." आणि फोन बंद करून पर्समध्ये टाकला.

दोन वाजून गेले आणि मला ते पायांखाली कळलं. ओहोटी संपली. बोट वळायला लागली. खिडकीतून वर्सोवा सरकला. आकाशने माझ्याकडे बघितलं, मी आकाशकडे. बोट पुरी फिरली, नाक समुद्राकडे. चित्र जागचं हललं नाही! आकाशने सगळ्यांसमोर मला मिठीच मारली. शांताबाई म्हणाल्या, "बाजूला व्हा रे दोघं, दिसत नाही."

जाताना माझ्या हातात चिवड्याचा उरलेला डबा ठेवला. "शिकलीस कुठे गं हे?" मी म्हटलं, वडिलांकडे. का म्हटलं कोण जाणे. रागावले होते ना त्यांच्यावर!

घरी सुयोग बसलाच होता. मी फोनवर व्हिडिओ दाखवला, वळणाऱ्या बोटीचा. तो म्हणाला, "मानलं तायडे." मनापासून म्हणाला. बाबांनी व्हिडिओ तीनदा बघितला. मग उठून देव्हाऱ्यातून चावी आणली, हळदकुंकू लावलेली. माझ्या तळहातावर ठेवली. हळदकुंकू सकाळीच लावलं होतं, आई म्हणाली. मी निघायच्या आधी!

दुकान माझं. माझं!


मंगळवार, २ डिसेंबर

आज शटर मी उघडलं. बाबा मागून आले, स्टुलावर बसले. राहवलं नाही म्हणून विचारून टाकलं, "मढला वाळूत उभे होतात, बोट फिरते हे ठाऊक होतं, तरी बोलला नाहीत ना?"

बाबा चष्मा पुसत राहिले. मग म्हणाले, "माका खय ठाऊक होता? मी बोटीत बसलंय कधी? मी यष्टीतून इलंय मुंबैक. मी पण डिशच लावलंय असतंय, गो." चष्मा डोळ्यांवर चढवून, "तू विचारलं असतस तर काय सांगतलंय असतंय मी? म्हणान म्हटलंय, विचारू नको."

वायफायच्या कामांच्या वेळी गुडघेसुद्धा दुखत नव्हते तर.

मी काउंटरवर एक राउटर उघडून ठेवला. बाबांनी स्टूल पुढे ओढलं आणि खिशातून वही काढली.