मऊ सपाता

ठमे,

तू पाठवलेल्या सपाता मिळाल्या. गेल्या आठवड्यात त्या घालून दिवसभर घरात हिंडलो. संध्याकाळी काढल्या तर अंगठा रक्ताने माखलेला. किंमत मला दिसू नये म्हणून तू चिठ्ठी काढलीस, पण तिची पिन आतच राहिली होती. साखरेने पायांचं असं करून ठेवलंय बघ. काही नसताना आग आग होते, चादरसुद्धा सोसवत नाही, आणि खरंच टोचलं तर पत्ताही लागत नाही.

जन्मभर चपला शिवल्या. आत हात फिरवल्याशिवाय एकही जोड गिऱ्हाईकाला दिला नाही. पण लेकीने पाठवलेलं कोण तपासतं?

पोटही रुसलंय. सकाळचा घास संध्याकाळपर्यंत तसाच बसून राहतो, मग उलटी होते. तुला फोनवर मात्र मी "जेवलो" म्हणून सांगतो.

जखम चिघळून अंगठा काळा पडलाय. तो राहील की जाईल, ते डॉक्टर सोमवारी सांगतील. पिनेचं कळलं तर तू मनाला लावून घेशील, म्हणून हे पत्र शिलाई मशीनच्या खणातच राहील. "बाबा, येऊ का?" असं तू विचारलंस की मी खेकसतो, "कशाला? ठणठणीत आहे मी."

इथे ऐकणारं कोणी नाही, म्हणून लिहितो. ये गं.

तुझा,
बाबा